डुलणारा केक: जपानी चीजकेक नेमका आला कुठून?

गेल्या महिन्यात भाचीने एक रील पाठवलं. घट्ट दह्याच्या डब्यात कोणीतरी बिस्किटं उभी खोचली, डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी पहिला चमचा तोंडात घालून डोळे मिटले. खाली भाचीचा निरोप: "मावशी, हा जपानी चीजकेक. ओव्हनसुद्धा लागत नाही, करून बघ." त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर दुसराच व्हिडिओ फिरत होता. सोनेरी पाठीचा एक उंच, गोल केक कोणी नुसता ताटलीवर हलवला, तर तो खरवसाच्या वडीसारखा थलथल डुलायला लागला. त्याचंही नाव जपानी चीजकेक. खाली प्रश्नांची रांग लागली होती. खरा कुठला? यात चीज आहे कुठे? आणि एका काकूंनी विचारलं होतं, जपानी लोक तर मासे-भात खातात ना, ते चीज कधीपासून खायला लागले?

काकूंचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालं की वाटेत नागासाकी लागतं, कोबे लागतं, बर्लिन लागतं आणि थोडं गोवाही लागतं.

आधी नावाचा घोळ

'जपानी चीजकेक' हे नाव जपानबाहेरच्या लोकांनी दिलेलं आहे. आपण घरात 'इंडियन ब्रेड वाढ' म्हणत नाही. पोळी म्हणतो, भाकरी म्हणतो, पराठा म्हणतो. तसंच जपानमध्ये चीजकेकचे ढोबळमानाने तीन प्रकार ओळखले जातात. पहिला 'रेअर', म्हणजे न भाजलेला; क्रीम चीजचं मिश्रण जिलेटिन घालून फ्रीजमध्ये घट्ट केलेलं. दुसरा 'बेक्ड', म्हणजे भट्टीत भाजलेला, दाट. आणि तिसरा 'सुफ्ले'. सुफ्ले हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'हवा भरून फुगवलेला'. व्हिडिओत डुलतो तो हा तिसरा. मलेशिया-सिंगापूरकडे याला 'कॉटन' चीजकेक म्हणतात, कापसासारखा म्हणून.

मग दह्यात खोचलेली बिस्किटं? ती फार तर पहिल्या प्रकाराची दूरची नातेवाईक. जपानी रेअर चीजकेकमध्ये पुष्कळदा दही घालतात, हे खरं. बिस्किटं दह्यातलं पाणी शोषून मऊ होतात, दही आणखी घट्ट होतं आणि चवीला चीजकेकचा भास होतो. खायला छान लागतं, मी केलं होतं. पण त्यात ना चीज आहे ना केक. या लेखात मी बोलणार आहे ती डुलणाऱ्याबद्दल.

आता 'चीज'. पावावर किसून घालतो ते पिवळं चीज यात नसतं. यात असतं क्रीम चीज: दूध आणि साय एकत्र करून विरजण लावायचं, आंबट होऊन घट्ट झालं की त्यातलं पाणी निथळू द्यायचं. ते मुरवत, पिकवत ठेवायचं नाही, ताजंच वापरायचं. ओळखीचं वाटलं ना? आपला श्रीखंडाचा चक्का हा याच घराण्यातला. फरक स्निग्धांशाचा. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये निदान ३३ टक्के दुधाची चरबी असावी लागते. चक्क्यात ती बरीच कमी असते. जर्मनीत असाच एक ताजा, निथळलेला प्रकार आहे, त्याला 'क्वार्क' म्हणतात. तो तर चक्क्याची सख्खी बहीण शोभेल. क्वार्क लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जपानी माणूस आणि दूध

जपानमध्ये दूध अगदीच परकं होतं असं नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथल्या दरबारात दूध आटवून केलेला 'सो' नावाचा पदार्थ खात असत. प्रांताप्रांतांतून तो राजधानीला पाठवावा लागे, एखाद्या करासारखा. दिसायला तो आपल्या खव्याच्या जवळचा. याहून वरचा एक पदार्थ होता, 'दायगो'. हा शब्द बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे जपानला पोचला. त्या ग्रंथांत दुधाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: क्षीर, दधि, नवनीत, घृत आणि सर्वांत वर सर्पिर्मंड, म्हणजे तुपाचंही सार. बुद्धाची शिकवण पायरीपायरीने कशी उत्तम होत जाते हे सांगायला केलेली ही उपमा आहे. दूध, दही, लोणी, तूप ही आपल्या आजीच्या माजघरातली साखळी जपानी भाषेत अशी जाऊन बसली. आजही जपानीत एखाद्या गोष्टीतल्या खऱ्या मजेला 'दायगोमी' म्हणतात, म्हणजे दायगोची चव. बोलणाऱ्याच्या मनात तूप नसतं, पण शब्दात ते आहे.

दरबाराची सत्ता योद्ध्यांच्या हाती गेली आणि हे दुधाचे पदार्थ मागे पडले. सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर निर्बंध घातले होते, आणि बौद्ध वळणामुळे पुढेही चार पायांची जनावरं खाण्याबद्दल संकोच राहिला. गुरं होती ती शेतीच्या आणि ओझ्याच्या कामाची. दूधदुभतं म्हणून गाय पाळणं रुळलं नाही. त्यामुळे शेकडो वर्षं सामान्य जपानी घरात दूध, लोणी, चीज असं काही नव्हतंच.

दार उघडलं ते मेइजी काळात. १८७२ साली सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, आणि पाश्चात्त्य खाणं हे देश बलवान करण्याचं साधन मानलं जाऊ लागलं. थंड हवेच्या होक्काइदो बेटावर गोठे उभे राहिले. तरीही दुधाचा वास अनेकांना सोसत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतल्या जेवणात मदतीतून आलेल्या साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचं दूध मिळायचं. त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्या दुधाचा वास आणि चव नकोशी वाटायची असं सांगितलं आहे. पण पाव आणि दूध ही जोडी त्या मुलांच्या जिभेवर बसली ती तिथेच.

चीजकेकच्या दृष्टीने हा तपशील फार महत्त्वाचा आहे. दाट, खारट-आंबट, जड चीजकेक या जिभेला झेपणारा नव्हता. दुधाची चव हवी, पण हलकी हवी. गोड हवं, पण फार गोड नको. जपानी माणूस गोड पदार्थाचं कौतुक करताना आजही म्हणतो, 'फार गोड नाही'. आपल्याकडे हीच गोष्ट बासुंदीबद्दल कोणी म्हणाली तर ती तक्रार ठरते.

मध्येच गोवा कसं आलं

दुधाची गोष्ट अशी उशिराची, पण अंड्याची तशी नाही. अंडं फेटून फुगवलेला केक जपानमध्ये चारशेहून अधिक वर्षं आहे, आणि तो पोर्तुगीजांकडून आला.

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात बसले, १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा जहाजांचा रस्ता झाला. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आजही आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघाले आणि जपानच्या कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा एक जपानी होता, तो गोव्यातच शिकून बाप्तिस्मा घेतलेला.

या जहाजांबरोबर शब्द आणि पदार्थही गेले. पोर्तुगीज 'पांव' हा शब्द आपल्याकडे 'पाव' झाला आणि जपानमध्ये 'पान'. वडापावमधला पाव आणि तोक्योच्या बेकरीतला 'पान' हे एकाच शब्दाचे दोन नातू. तसाच तिकडे गेला 'कास्तेला', स्पेनच्या कास्तिल प्रांताच्या नावाने ओळखला जाणारा केक. अंडी, साखर, पीठ. लोणी नाही, दूध नाही, सोडा नाही. फुगायचं ते सगळं फेटलेल्या अंड्यांच्या जोरावर. नागासाकीत तो रुजला आणि तिथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून-पुसून तो स्वतःचा करून टाकला. नागासाकीचं फुकुसाया हे दुकान १६२४ पासून कास्तेला विकतं आहे.

जपानी स्वयंपाकघरात भट्टी नसे. म्हणून कास्तेला भाजायला भांड्याच्या खाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे, अशी सोय केली. गोव्यातल्या कोणाही आजीला हे सांगून पाहा. ती म्हणेल, बेबिंका आम्ही अशीच करायचो, वर सोडणांचा विस्तव ठेवून. एकाच जहाजमार्गाच्या दोन टोकांना, ओव्हन नसलेल्या दोन स्वयंपाकघरांनी सारखीच युक्ती काढली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

चीजकेकशी याचा संबंध असा: क्रीम चीज जपानच्या बाजारात दिसू लागलं तेव्हा अंड्याच्या फेसावर उभा राहणारा, ओलसर, बारीक जाळीचा केक कसा असतो हे तिथल्या जिभेला आणि हाताला आधीच ठाऊक होतं.

कोबेतले परदेशी हलवाई

आता जर्मन. १८६८ मध्ये कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि तिथे नाना देशांचे लोक वस्तीला आले. कार्ल युखहाइम हा जर्मन हलवाई मात्र जपानमध्ये आला तो कैदी म्हणून. चीनच्या चिंगताओत त्याचं दुकान होतं. पहिल्या महायुद्धात जपानने ते शहर घेतलं आणि त्याला युद्धकैदी करून नेलं. १९१९ च्या मार्चमध्ये हिरोशिमाच्या प्रदर्शन इमारतीत कैद्यांनी केलेल्या वस्तू मांडल्या होत्या. तिथे त्याने झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसणारा जर्मन केक, बाउमकुखन, भाजून विकला. ती इमारत म्हणजे आज आपण अणुबॉम्बच्या छायाचित्रांत पाहतो तो घुमटाचा सांगाडा. सुटका झाल्यावर युखहाइमने योकोहामात दुकान काढलं, ते १९२३ च्या भूकंपात गेलं, मग तो कोबेला आला. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, युद्ध संपल्याच्या घोषणेच्या आदल्या दिवशी तो वारला. बाउमकुखन आज जपानमध्ये लग्नात भेट म्हणून देतात. जर्मन मिठाई जपानी कशी होते याचा हा पहिला मोठा धडा होता.

दुसरा धडा त्याच कोबेत. रशियन क्रांतीनंतर देश सोडून आलेल्या मोरोझोव्ह कुटुंबाशी हातमिळवणी करून तोमोतारो कुझुनो यांनी १९३१ मध्ये मोरोझोफ ही चॉकलेटची कंपनी सुरू केली. व्हॅलेंटाइन दिवसाला चॉकलेट द्यावं अशी जाहिरात जपानमध्ये १९३६ मध्ये याच कंपनीने दिली होती. हेच कुझुनो बर्लिनला गेले असता त्यांनी 'केझेकुखन' खाल्ला. जर्मनीत 'केझे' म्हणजे चीज, 'कुखन' म्हणजे केक, आणि आत असतो तो मघाचा क्वार्क. तिथून परतल्यावर त्यांच्या कंपनीने 'डेन्मार्क क्रीम चीजकेक' बाजारात आणला.

१९४७ की १९६९?

इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी एकच ओळ दिसेल: जपानी चीजकेक १९४७ साली कुझुनो यांनी शोधला. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं आणि ते सत्य होऊन बसलं. पण जरा थांबून विचार करा. १९४७ मध्ये जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता, तो ताबा १९५२ पर्यंत होता. लोकांना रेशनवर पोटभर तांदूळ मिळत नव्हता. तिकडे बर्लिन म्हणजे चार देशांनी वाटून घेतलेले ढिगारे. अशा वर्षी एका जपानी चॉकलेट कारखानदाराने केक चाखायला बर्लिनची सहल करावी, हे पटत नाही. सामान्य जपानी नागरिकाला हौसेने परदेशी जाण्याची मुभाच मुळी १९६४ मध्ये मिळाली, तोक्यो ऑलिंपिकच्या वर्षी. मोरोझोफचा चीजकेक विक्रीला आला तो १९६९ मध्ये, आणि हे साल सगळ्या परिस्थितीशी जुळतं.

दुसरी गोष्ट, मोरोझोफचा तो केक भाजलेला आणि मऊ असला तरी व्हिडिओत डुलणारा नव्हे. म्हणजे 'एका माणसाने एका दिवशी जपानी चीजकेक शोधला' हे वाक्य दोन्ही बाजूंनी लंगडं आहे. कुझुनोंनी जर्मन केकचं बी आणलं, त्याचं श्रेय त्यांचंच. पुढे १९७० च्या दशकात चीजकेकची जपानमध्ये लाट आली, चहाच्या दुकानांपासून मोठ्या दुकानांच्या तळघरातल्या खाद्यदालनांपर्यंत तो पोचला, आणि अनेक हातांनी तो हलका हलका होत गेला.

दोन काका आणि एक घंटा

हा केक रस्त्यावरच्या माणसाचा केला तो ओसाका शहरातल्या एका दुकानाने. नाव 'रिकुरो ओजिसान', म्हणजे सरळ मराठीत रिकुरोकाका. संस्थापक रिकुरो निशिमुरा यांच्याच नावाने. १९८४ पासून तिथे भट्टीतून काढलेला गरम चीजकेक विकतात. तळाला मनुके पेरलेले असतात. केक बाहेर आले की दुकानातली माणसं हातातली घंटा वाजवतात, तव्यावर तापवल्यासारखा लोखंडी शिक्का घेऊन प्रत्येक केकवर हसऱ्या काकांचा चेहरा उमटवतात, आणि साचा हलवून केक डुलवून दाखवतात. रांगेतल्या माणसाला तो गरमच डब्यात बंद करून मिळतो. आपल्याकडे जिलबीच्या कढईसमोर उभं राहून गरम जिलबी घेतो, त्यातलाच हा आनंद.

दुसरे तेत्सुकाका, दक्षिणेकडच्या फुकुओका शहरातले. तेत्सुशी मिझोकामी यांचं हे दुकान पुढे परदेशी गेलं. २०१५ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत त्यांची शाखा उघडली तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि माणशी एकच केक अशी मर्यादा घालावी लागली. त्या रांगांची आणि डुलणाऱ्या केकची छायाचित्रं मोबाईलवर पसरली आणि 'जपानी चीजकेक' हे नाव जगभर कायमचं चिकटलं.

पण तो डुलतो कशामुळे?

आता माझ्या स्वयंपाकघरात या. पहिल्यांदा केला तेव्हा केक ओव्हनमध्ये साच्याच्या दोन बोटं वर आला, वर भेग पडली, आणि बाहेर काढून दहा मिनिटांत मधोमध खचला. कापल्यावर खाली ओला, पिवळा थर. असं का झालं हे समजलं की हा केकच समजतो.

पाच-सहा अंडी घेऊन पांढरं आणि पिवळं वेगळं करायचं. पांढऱ्यात सुमारे नऊ भाग पाणी आणि एक भाग प्रथिनं असतात. प्रथिनं म्हणजे लोकरीच्या घट्ट गुंड्या समजा. फेटलं की गुंड्या उलगडतात, त्यांचे धागे एकमेकांत अडकतात आणि मध्ये हवेचे बुडबुडे कोंडले जातात. साखर घालून केलेल्या या फेसाला मेरँग म्हणतात. लिंबाच्या रसाचे चार थेंब त्याला टिकाऊ करतात. पिवळ्याचा किंवा तुपाचा एक थेंब मात्र फेस धरूच देत नाही, म्हणून भांडं निर्मळ कोरडं हवं. फेस किती फेटायचा? रवी उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं पाहिजे, पक्ष्याच्या चोचीसारखं. ताठ सुळका आला तर जास्त झालं. मी तिथेच चुकले होते. ताठ फेस मिश्रणात नीट मिसळत नाही, गोळे राहतात, भट्टीत तो वाजवीपेक्षा फुगतो आणि फुटतो.

दुसऱ्या भांड्यात क्रीम चीज, लोणी आणि दूध कोमट करून एकजीव करायचं, त्यात पिवळं आणि थोडंसं मैदा-कॉर्नफ्लॉर. मग फेस तीन वेळा थोडाथोडा घालून, घोटून नव्हे, तर तळापासून वर उचलत मिसळायचा.

आणि आता खरी किल्ली. साचा थेट ओव्हनमध्ये ठेवायचा नाही. तो परातीत ठेवायचा आणि परातीत बोटभर कढत पाणी ओतायचं. जपानीत याला 'युसेन-याकी' म्हणतात. ओव्हन १५० अंशांवर असला तरी पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे साच्याच्या कडा आणि तळ जळत नाहीत, आतलं मिश्रण सावकाश बसतं. खरवस आपण कधी थेट गॅसवर ठेवतो का? कुकरमध्ये डब्याखाली पाणी ठेवून वाफेवरच बसवतो. चिकाच्या दुधातली प्रथिनं हलक्या आचेवर गोठली की वडी थलथलीत होते, आच जास्त झाली की तिला जाळी पडून पाणी सुटतं. अंड्याची प्रथिनं तशीच वागतात. साधारण ६० अंशांपासून ती गोठायला लागतात, ८० च्या आसपास पांढऱ्यातलं मुख्य प्रथिनही पक्कं होतं.

फुगण्याचं गणित असं. बुडबुड्यातली हवा तापली की पसरते, पण २५ अंशांवरून ९५ अंशांवर नेली तरी ती जेमतेम पाव पटीने वाढते. खरा जोर वाफेचा. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,६०० पट जागा घेते. बुडबुड्यांत ही वाफ शिरते आणि केक वर उचलला जातो. बाहेर काढताच वाफेचं परत पाणी होतं. तोवर भिंती गोठलेल्या असतील तर केक थोडासाच बसतो, कच्च्या असतील तर खचतो. म्हणून भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून दार थोडं उघडं ठेवायचं आणि केक पंधरा-वीस मिनिटं आतच निवू द्यायचा.

आता डुलणं. नेहमीच्या केकला उभं ठेवतं ते मैद्याचं बांधकाम, आणि ते ताठ असतं. इथे मैदा नावापुरता, बांधकाम सगळं अंड्याच्या प्रथिनांचं, आत ओलावा आणि हवा ठासून. ताठ काहीच नसल्यामुळे धक्का लागला की अख्खा केक एका लाटेसारखा हलतो. जपानीत याला 'फुवाफुवा' म्हणतात, आणि तोंडात विरघळताना बुडबुडे फुटल्याची जी जाणीव होते तिला 'शुवाशुवा'. आपल्याकडे लुसलुशीत आहे, थलथलीत आहे, पण त्या दुसऱ्या शब्दाला मला अजून मराठी जोडी सापडलेली नाही.

"मग हा चीजकेक कसला? हा तर स्पंज!"

ही शंका रास्त आहे. न्यूयॉर्क पद्धतीच्या २३ सेंटिमीटरच्या एका चीजकेकमध्ये साधारण ९०० ग्रॅम क्रीम चीज जातं. जपानी सुफ्लेच्या १८ सेंटिमीटरच्या साच्यात २०० ते २५० ग्रॅम पुरतं, आणि केक मात्र तेवढाच उंच. म्हणजे चीज पातळ करून, हवेत पसरवून वापरलंय. पण लोण्याच्या साध्या स्पंजची चव आणि याची चव शेजारी ठेवून पाहा. आंबूस, दुधाळ, किंचित खारट चव इथे पहिल्या घासाला कळते. इराण्याच्या दुकानातला मावा केक आठवा. केक इंग्रजी पद्धतीचा, त्यात आपला खवा आला आणि तो इथला झाला. त्याला 'हा खरा केक नव्हे' असं आपण म्हणत नाही. जपान्यांनी उलट्या बाजूने तेच केलं: चीज बाहेरचं, हलकेपणा आपला.

"अंड्याशिवाय होतो का?"

आपल्याकडचा पहिला प्रश्न. प्रामाणिक उत्तर: हा केक होत नाही. वर पाहिलंत ना, पाया, भिंती, छप्पर सगळं अंड्याचंच आहे. छोले शिजवलेल्या पाण्याचा फेस होतो, पण तो अंड्यासारखा गोठून भिंत धरत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी रेअर प्रकाराकडे वळावं आणि जिलेटिनऐवजी अगर-अगर, म्हणजे आपला चायना ग्रास, वापरावा. गंमत अशी की चायना ग्रासही मुळात जपानी शोध आहे, तिकडे त्याला 'कांतेन' म्हणतात. क्रीम चीज घेताना हिरवा ठिपका बघून घ्यावा, कारण काही चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं विकर वापरतात.

चक्का घालून चालेल का, हेही विचारतात. मी निम्मं क्रीम चीज आणि निम्मा चक्का घेऊन केला आहे. चक्का फडक्यात बांधून रात्रभर चांगला निथळू द्यावा लागतो, नाहीतर तळाला ओला थर बसतो. चव थोडी जास्त आंबट येते, आणि बर्लिनच्या त्या क्वार्कच्या केकच्या जवळ जाते असं मला वाटतं.

"हलका आहे म्हणजे तब्येतीला चांगला?"

तोंडाला हलका, पोटाला नव्हे. एका फोडीत न्यूयॉर्कच्या फोडीपेक्षा चीज आणि साखर कमी असते, कारण फोडीत हवा जास्त असते. पण दोन फोडी सहज जातात, तिसरीकडे हात वळतो. त्यात लोणी आहे, साखर आहे, अंडी आहेत. मधुमेह असलेल्यांनी 'फार गोड नाही' या कौतुकावर विसंबू नये.

आणि तो खायचा कसा? ओसाकात गरम खातात तेव्हा तो फेसासारखा असतो, चव सौम्य, अंड्याकडे झुकणारी. तोच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की आतलं लोणी आणि चीज घट्ट होतं, डुलणं जातं, फोड नीट कापता येते आणि चीजची चव दुप्पट स्पष्ट लागते. एकाच केकचे हे दोन पदार्थ आहेत. माझ्या घरी अर्धा त्याच संध्याकाळी संपतो, अर्धा मी उद्यासाठी डब्यात लपवून ठेवते. भाचीला मी लिहिलंय, रविवारी ये, सहा अंडी आणि मोठी परात घेऊन ये, आणि येताना दह्याचा तो डबाही आण. दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघू.